चौपट जागा म्हणजे चौपट चित्रे नव्हेत

कोकण किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या एका शहरातील जुन्या चित्रसंग्रहाच्या विश्वस्तांनी मला तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांचा संग्रह आजवर एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर, सुमारे ४०० चौरस मीटर जागेत, दीडशे चित्रांच्या मांडणीने लोकांसमोर होता आणि उरलेली चित्रे माळ्यावर व कपाटांत होती. आता १६०० चौरस मीटरची दालने असलेली नवी इमारत पूर्ण होत आली आहे. चौपट जागा मिळाल्यावर चौपट चित्रे लावता येतील ना, इमारत मार्चअखेर ताब्यात आली तर १५ ऑगस्टला उद्घाटन करावे का, आणि पहिले प्रदर्शन कोणते असावे, असे ते प्रश्न आहेत. संग्रहालयांतील मांडणीचे आणि चित्रांच्या जतनाचे काम मी जवळपास तीस वर्षे करीत आलो आहे; त्या अनुभवावरून पहिल्या दोन प्रश्नांना माझे उत्तर नकारार्थी आहे. मात्र नुसत्या नकाराने काम भागणार नाही, म्हणून कारणे विश्वस्तांना उद्देशूनच सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नातला घोळ असा आहे की वास्तुरचनाकार जागा चौरस मीटरमध्ये मोजतो, चित्राला मात्र भिंतीची लांबी लागते. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशी एक खोली घ्या. तिच्या चारही भिंती मिळून चाळीस मीटर होतात. येण्या-जाण्याच्या दोन दारांसाठी दोन-दोन मीटर सोडले तर छत्तीस उरतात. चौकटीसह सरासरी नव्वद सेंटिमीटर रुंदीचे चित्र आणि दोन चित्रांमध्ये साठ सेंटिमीटर अंतर धरले, तर एका ओळीत चोवीस चित्रे बसतात. अशा सोळा खोल्या म्हणजे १६०० चौरस मीटर, आणि चित्रे सुमारे ३८४. आता तेवढेच क्षेत्रफळ एकाच चौरस दालनात, चाळीस बाय चाळीस मीटर, असे मोकळे ठेवा. भिंती १६० मीटर. त्यातली एक बाजू पूर्ण काचेची आणि दारांसाठी चार मीटर वजा, म्हणजे ११६ मीटर उरतात आणि त्यांवर सत्त्याहत्तर चित्रे बसतात. चौपट जागेत गेल्यावर वाड्यात दिसत होती त्याच्या निम्मीच चित्रे दिसणे हा विनोद नाही. आपण पाठवलेल्या नकाशात तळमजल्याचे जे ‘भव्य, खांबविरहित दालन’ दाखवले आहे, त्याचा हिशोब याच दिशेने जाणारा आहे.

खांबविरहित दालन वाईट असते असे मात्र नाही. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १ मे २०१५ रोजी हडसन नदीकाठच्या गॅन्सव्हूर्ट रस्त्यावर रेन्झो पियानो यांनी रचलेली नवी इमारत उघडली. तिच्या पाचव्या मजल्यावर १८,००० चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे १६७० चौरस मीटरचे एकच दालन आहे, ज्यात मध्ये एकही खांब नाही. आपली सगळी दालने मिळून जेवढी होतात, त्याहून ते एकटे किंचित मोठे आहे आणि त्याच्या पूर्व व पश्चिम टोकांना काच आहे. व्हिटनीला ते उपयोगी पडते, कारण त्यांच्याकडे खोलीभर पसरणाऱ्या मांडणीशिल्पांपासून अवाढव्य कॅनव्हासपर्यंत सर्व काही आहे आणि प्रत्येक प्रदर्शनागणिक तात्पुरत्या भिंती उभारण्याची, त्या पाडण्याची व पुन्हा रंगवण्याची ताकद, माणसे आणि पैसा त्यांच्यापाशी आहे. आपला संग्रह मुख्यतः मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून शिकून आलेल्या चित्रकारांच्या तैलचित्रांचा आणि जलरंगांचा आहे. यातील बहुतेक चित्रे हाताच्या अंतरावरून पाहण्याची आहेत. मोकळ्या मैदानासारख्या दालनात ती टपाल तिकिटांसारखी दिसतील.

लहान खोली चित्राला काय देते हे पाहायचे असेल तर फार लांब जायला नको. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचे हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात अंधाऱ्या खोलीत लावलेले आहे. ते जलरंगात केलेले आहे हे अनेकांना तिथे वाचूनही खरे वाटत नाही. त्या अंधाराचा दुहेरी लाभ असा की दिव्याचा उजेड बोटांमधून पाझरताना दिसतो आणि कागदावर पडणारा प्रकाशही कमी राहतो. कागदावरच्या कामासाठी ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) वर प्रकाश नेऊ नये आणि तैलचित्रांसाठी दीडशे ते दोनशे लक्स पुरतात, हे संकेत आपल्या वीजकंत्राटदाराला लेखी द्या. त्याच्या दृष्टीने ‘चांगला उजेड’ म्हणजे सराफाच्या दुकानातला उजेड असतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की अंतर्गत भिंतींचा नकाशा संग्रहाच्या यादीवरून करावा, इमारतीच्या नकाशावरून नव्हे. प्रत्येक चित्राचे चौकटीसह माप घ्या, त्या मापाचे कागदी तुकडे एकास वीस या प्रमाणात कापा आणि नकाशावर ठेवून पाहा. हे काम संगणकावरही होते, परंतु विश्वस्तांच्या बैठकीत टेबलावर तुकडे सरकवले की जे मतभेद चार बैठकांत मिटत नाहीत ते तासाभरात मिटतात, असा माझा अनुभव आहे. भिंत वक्र ठेवण्याच्या मोहात मात्र पडू नका. मुंबईचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ पासून वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांच्या काळातील कावसजी जहांगीर सभागृहात आहे. तिथल्या अर्धवर्तुळाकार मजल्यांना स्वतःचे सौंदर्य आहे, पण सपाट चौकट गोलाईवर बसवण्याची कसरत काय असते हे तिथे चित्रे टांगणाऱ्या माणसांना विचारावे.

आता तारखेकडे वळतो, कारण माझ्या मते सर्वांत मोठा धोका तिथे आहे. कंत्राटदार इमारतीची किल्ली देतो तेव्हा ती माणसांसाठी तयार झालेली असते; चित्रांसाठी तयार व्हायला तिला आणखी वेळ लागतो. ताज्या काँक्रीटमध्ये भरपूर पाणी असते आणि ते सावकाश बाहेर पडते. बांधकामातला ढोबळ ठोकताळा असा की लादीच्या (स्लॅबच्या) दर इंच जाडीला सुमारे एक महिना, तोही कोरड्या हवेत, वाळण्यासाठी द्यावा. म्हणजे सहा इंची लादीला सहा महिने. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेरची आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते; त्या हवेत लादी वाळत नाही, उलट ओल धरून बसते. मार्चअखेर ताबा आणि १५ ऑगस्टला उद्घाटन याचा अर्थ चित्रे भर पावसाळ्यात, ओल्या भिंतींच्या कुशीत न्यायची. या घाईचा परिणाम उद्घाटनाच्या दिवशी कोणालाही दिसत नाही आणि म्हणूनच ती वारंवार केली जाते.

पाण्याखेरीज वास हा दुसरा शत्रू आहे. नव्या इमारतीचा जो वास आपल्याला प्रसन्न वाटतो, तो प्लायवूडच्या सरसातून, पॉलिशमधून, रंगातून आणि कापडी अस्तरांतून सुटणाऱ्या वायूंचा असतो. प्लायमधून फॉर्माल्डिहाइड, काही लाकडांतून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि बंद काचपेटीत ते साठत जाते. पेटीत चांदीची किंवा शिशाची वस्तू असेल तर ती काळवंडते किंवा तिच्यावर पांढरी भुकटी धरते; कागद पिवळा पडतो. यासाठी ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली एक साधी चाचणी आजही जगभर वापरली जाते: वापरायच्या प्लायचा किंवा कापडाचा तुकडा, थोडे पाणी आणि चांदी, तांबे व शिसे यांच्या लहान पट्ट्या हवाबंद काचनळीत ठेवून ती नळी ६० अंश तापमानात २८ दिवस ठेवायची आणि पट्ट्यांवर काय उमटले ते पाहायचे. रसायनशास्त्र विभाग असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे होऊ शकते. अट एकच आहे की ते प्लाय खरेदी करण्याआधी व्हावे, नंतर केवळ खेद व्यक्त करता येतो.

वातानुकूलनाविषयी आपण थेट विचारलेले नाही, तरी सांगतो. पूर्वी ५० टक्के आर्द्रता आणि तीत पाच टक्क्यांचाच चढउतार असा कडक दंडक मानला जाई. आता जगातील मोठ्या संग्रहालयांच्या प्रमुखांच्या बिझो गटाने स्वीकारलेल्या धोरणात बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान एवढी मोकळीक दिली आहे. किनाऱ्याजवळच्या इमारतीने पन्नासच्या हट्टाला पेटून विजेचे बिल वाढवू नये. पंचावन्न ते साठच्या दरम्यान स्थिर राहणारी हवा चित्रांना चांगली मानवते. त्यांना मानवत नाही ती दिवसरात्रीची उलथापालथ. मी सल्ला दिलेल्या एका संस्थेत उद्घाटनानंतर दोन महिने यंत्रणा चोवीस तास चालली, मग बिल पाहून संध्याकाळी सहाला बंद करण्याचा निर्णय झाला. दिवसा पंचावन्न, पहाटे ऐंशी, असा खेळ गणपतीपासून सुरू होता. दिवाळीच्या सुट्टीत जलरंग उतरवले तेव्हा माउंटच्या, म्हणजे चित्र बसवलेल्या पुठ्ठ्याच्या, मागच्या बाजूला बुरशीची पांढरी नक्षी होती. त्याच संस्थेत वातानुकूलन यंत्राची पाणी वाहून नेणारी नळी नेमकी सर्वांत मोलाच्या भिंतीवरून गेली होती आणि ती तुंबायची. आपल्या नकाशात प्रत्येक पाणवाहिनी लाल शाईने रंगवून घ्या आणि कोणतीही लाल रेघ दालनाच्या वरून जाऊ देऊ नका, ही सूचना मी तेव्हापासून सर्वांना देतो.

मग उद्घाटन कधी करावे? माझा सल्ला असा की मार्चमध्ये ताबा घ्या, संपूर्ण पावसाळा इमारत रिकामी पण यंत्रणा चालू ठेवून जाऊ द्या, दर खोलीत आर्द्रतामापक ठेवून नोंदी घ्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळती आणि ओल यांचे काम संपवा आणि चित्रे डिसेंबरनंतर हलवा. लोकप्रतिनिधींना आणि देणगीदारांना हे सांगणे अवघड आहे याची मला कल्पना आहे. त्यावर एक मार्ग टप्प्याटप्प्याने उघडण्याचा आहे. जुन्या वीजकेंद्रात वसलेल्या लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाने तिथल्या जमिनीखालच्या तेलाच्या टाक्या २०१२ च्या उन्हाळ्यात सादरीकरणांसाठी उघडल्या, काही आठवड्यांनी त्या पुन्हा बंद केल्या, त्यांच्यावर दहा मजली नवी इमारत चढवली आणि १७ जून २०१६ रोजी दोन्ही मिळून लोकांसाठी खुल्या केल्या. आपणही १५ ऑगस्टला सभागृह आणि अंगण खुले करू शकता. व्याख्याने, चित्रकारांची प्रात्यक्षिके, मुलांच्या कार्यशाळा घेऊ शकता. फीत कापली जाईल आणि चित्रे वाड्यातच सुरक्षित राहतील. ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम २००३ च्या अखेरीपासून एप्रिल २०१३ पर्यंत मुख्य इमारत बंद ठेवून होते, हे उदाहरण आपल्या विश्वस्तांसमोर ठेवायला हरकत नाही. त्यामानाने आठ महिने म्हणजे काहीच नव्हे.

हलवण्याच्या कामाबद्दल एवढेच की सर्वांत मोठ्या चित्राचा मार्ग आधी चालून पाहावा. ऑस्लोत २०२१ मध्ये चित्रकार एडवर्ड मुंक यांच्या संग्रहासाठी नवी उंच इमारत उघडली, तेव्हा त्यांची दोन प्रचंड चित्रे कोणत्याही दारातून किंवा लिफ्टमधून जाणार नव्हती. म्हणून बांधकाम चालू असतानाच भिंतीत लांब फट ठेवून ती क्रेनने आत घेतली गेली आणि मग फट बुजवण्यात आली. त्यांनी हा विचार आधी केला म्हणून ते घडले. आपल्याकडे राजघराण्याच्या दरबाराचे जे मोठे तैलचित्र आहे, त्याच्या मापाची प्लायची पाटी करून चार माणसांना ती ट्रकपासून भिंतीपर्यंत नेऊन दाखवायला सांगा. जिन्याच्या वळणावर ती अडकली तर आजच कळेल. प्रत्येक चित्राच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे छायाचित्र, त्यावरील जुन्या जखमांची नोंद आणि क्रमांक हे वाडा सोडण्यापूर्वी झालेच पाहिजे. नाहीतर नव्या इमारतीत दिसलेला ओरखडा कुठला, यावर वर्षभर वाद चालतो.

पुराचा विचार आपल्या प्रश्नांत नाही, पण नकाशात तळघर आहे आणि त्यावर ‘संग्रह साठवण’ असे लिहिले आहे, म्हणून लिहिणे भाग आहे. व्हिटनीचे बांधकाम चालू असताना २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळाचे पाणी नदीतून त्या जागेत शिरले. त्यानंतर अभियंत्यांनी पूरसंरक्षणाचा आराखडा नव्याने केला: समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसोळा फुटांपर्यंतचे पाणी इमारतीने अडवावे, माल उतरवण्याच्या बाजूला सुमारे सात टन वजनाचा पाणबंद दरवाजा असावा आणि वादळाची सूचना मिळताच ॲल्युमिनियमच्या तुळया रचून उभारता येईल अशी फिरती भिंत असावी. कलाकृती तिथे वरच्या मजल्यांवरच आहेत. आपल्यापाशी सात टनांचा दरवाजा नाही, त्यामुळे आपण तळघरात चित्रे ठेवूच नयेत. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथांचे काय झाले हे कोकणात कोणाला सांगावे लागू नये, आणि तेही २००५ चा अनुभव गाठीशी असताना. तळघरात केवळ खुर्च्या ठेवाव्यात, जनरेटरचे सुटे भागसुद्धा नकोत. साठवण पहिल्या मजल्याच्या मधोमध, बाहेरच्या भिंतींपासून दूर असावी.

पहिल्या प्रदर्शनासाठी इतर संस्थांकडून नामांकित चित्रे उसनी आणण्याचा आपला विचार दिसतो. तो सोडावा. कोणतीही जाणती संस्था नव्या इमारतीला चित्र देण्याआधी तिथल्या हवेच्या नोंदी मागते आणि त्या आपल्याकडे नसतील. याउलट व्हिटनीने उद्घाटनासाठी संपूर्ण इमारत स्वतःच्याच संग्रहाला दिली होती. सुमारे ४०० कलावंतांची ६०० च्या आसपास कामे लावली गेली, आणि त्यांच्या संग्रहात तेव्हा वीस हजारांहून अधिक कामे होती हे लक्षात घेतले, तर दालनांचे क्षेत्र जवळपास दुप्पट होऊनही तीन टक्क्यांच्या आसपासच संग्रह दिसला. बाकीची कामे पाहून, तपासून, वर्षानुवर्षे न उघडलेले पेटारे उघडून ती निवड झाली होती. खरा लाभ त्या शोधात असतो. टेट मॉडर्नने २०१६ मध्ये तसेच केले. नव्या मांडणीतील सुमारे तीन चतुर्थांश कामे २००० नंतर संग्रहात आलेली होती, आणि त्यांत भारतीय कलावंत शीला गौडा यांचे केसांच्या दोरांनी गाड्यांचे बंपर तोलून धरणारे मोठे काम होते. त्याच दिवसांत तिथे मुंबईत जन्मलेल्या भूपेन खख्खर यांचे स्वतंत्र प्रदर्शन चालू होते. नवी इमारत मिळाल्यावर संग्रहालयाची नजर कुठवर गेली, हे त्या निवडीतून कळत होते. आपल्या माळ्यावरच्या कपाटांतून आधी काय निघते ते पाहा. मला वाटते, ज्या चित्रकारांचे नाव आज कोणी घेत नाही त्यांची दोन-तीन कपाटे तिथे असावीत.

सगळे एकदम लावून टाकण्याचा मोह मात्र आवरा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०११ पासून कलासंग्राहक जहांगीर निकल्सन यांच्या सुमारे ८०० कलाकृतींच्या संग्रहाला दालन मिळालेले आहे. दालन मर्यादित आहे, म्हणून संग्रह बदलत्या प्रदर्शनांतून दाखवला जातो आणि प्रेक्षकाला पुन्हा येण्यासाठी कारण उरते. आपले जलरंग तर तीन-चार महिन्यांनी अंधारात विश्रांतीला गेलेच पाहिजेत, म्हणून ३८४ चित्रांची जागा असली तरी अडीचशेच लावा आणि दोन खोल्या अदलाबदलीसाठी ठेवा.

गच्चीवरून खाडीचे दृश्य दिसणार असल्याने तिथे काचेची मार्गिका करावी का, असे एका पत्रात ओझरते विचारले आहे. पश्चिमेचे ऊन आणि काच यांचे एकत्र येणे चित्रांना सोसणार नाही, हे पहिले. दुसरे, शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या. टेटच्या नव्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावरच्या सज्जातून समोरच्या काचेच्या सदनिकांमध्ये लोक डोकावू लागले, रहिवासी न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल रहिवाशांच्या बाजूने दिला.

जुन्या वाड्याचे काय करावे यावर आपल्या विश्वस्तांत दोन तट आहेत असे समजले. व्हिटनीने मार्सेल ब्रॉयर यांनी रचलेली १९६६ ची आपली जुनी इमारत लगेच विकली नाही. ती आधी मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला भाड्याने दिली, मग तिथे न्यूयॉर्कचाच फ्रिक हा कलासंग्रह काही काळ राहिला, आणि २०२३ मध्ये ती सॉदबी या लिलावसंस्थेला विकण्याचे ठरले. आपला वाडा निदान दोन पावसाळे हातात ठेवावा. नव्या इमारतीतली एखादी खोली ओल धरते असे आढळले तर चित्रे परत नेण्याची जागा तीच असेल, आणि त्या जागेची हवा शंभर वर्षे चित्रांना मानवलेली आहे. यंदाच्या जूनपासून नव्या इमारतीच्या दर खोलीत सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा तीन वेळच्या आर्द्रतेच्या नोंदी ठेवायला आजच एका माणसाची नेमणूक करा; ऑक्टोबरमध्ये ती नोंदवही मला पाठवलीत तर कोणत्या खोलीत काय लावता येईल हे मी खोलीवार कळवीन.